पाय आखूड, पॅड लावलं, तरी कंबर पुन्हा धरली: चूक कुठे शोधायची

तक्रार साधारण अशी येते. कंबर एका बाजूने दुखते. ठाणे स्टेशनचा पूल उतरताना एक पाय दणकन खाली पडल्यासारखा वाटतो. शिंपी सांगतो की उजव्या पायाची पँट अर्धा इंच वर घ्यावी लागेल. मग कुणीतरी झोपवून, टाचा जुळवून पाहतं आणि उजवा पाय आखूड असल्याचं सांगतं. बुटात टाचेखाली पॅड येतं. तीन आठवडे बरं वाटतं आणि महिना-दीड महिन्यात दुखणं परत येतं, बरेचदा दुसऱ्या बाजूला किंवा गुडघ्यात. दुसरीकडे माप घेतलं तर फरक १४ मिमी, तिसरीकडे ५ मिमी, चौथीकडे फरकच नाही.

अशा वेळी पॅडची जाडी बदलत बसू नका. आधी माप कशाचं घेतलं ते तपासा. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या या दुखण्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर हाड लहान नसताना पॅड लावलेलं असतं, नाहीतर हाड खरंच लहान असतं पण पॅड दिवसातले जेमतेम सात-आठ तास पायाखाली असतं.

किती फरक मोजायचा

दोन्ही पाय मिलिमीटरला मिलिमीटर सारखे असलेली माणसं थोडीच. एक्स-रेवर मोजलेल्या अभ्यासांचा २००५ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दहापैकी नऊ जणांच्या पायांत काही ना काही फरक दिसला, आणि तो सरासरी ५.२ मिमी होता. बहुतेकांच्या बाबतीत साधारण २० मिमीच्या आत फरकाला वैद्यकीय महत्त्व दिसत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष. दुसरीकडे, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या ३,०२६ जणांचे पूर्ण पायाचे एक्स-रे तपासले, तेव्हा १ सेंमी किंवा जास्त फरक असलेल्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली, विशेषतः आखूड पायाच्या गुडघ्यात. फरकामुळेच झीज झाली असं त्यावरून ठरत नाही, पण १ ते २ सेंमीचा पट्टा सरसकट दुर्लक्षून चालत नाही एवढं नक्की.

म्हणून ५-६ मिमीचा रिपोर्ट हातात आला आणि त्रास काही नसेल, तर काहीही करू नका. १ ते २ सेंमीमध्ये माणूस पाहून ठरवायचं: दिवसभर उभ्याने काम आहे का, धावणं आहे का, दुखणं खरोखर त्या बाजूशी जुळतं का. २ सेंमीच्या पुढे भरपाईचा विचार करायलाच हवा. फरक केव्हापासून आहे, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. लहानपणापासून १५ मिमी आखूड पायाने चालणाऱ्याच्या शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. तेवढाच फरक गेल्या वर्षीच्या अपघातात पडला असेल, तर तो बोचतो.

रस्त्याच्या उताराला विनाकारण दोष दिला जातो. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या कडेने रोज एकाच बाजूने चालल्यामुळे एक पाय खाली राहतो, हे खरं. पण हिशेब करून बघा. डांबरी रस्त्याचा आडवा उतार साधारण अडीच टक्के धरला आणि चालताना दोन पावलांत आडवं अंतर १० सेंमी धरलं, तर फरक पडतो २.५ मिमीचा. एवढ्याने कंबर धरत नाही. बाजू बदलून चालायला हरकत नाही, फक्त तेच कारण समजून खरं कारण शोधायचं सोडू नका.

मापं जुळत का नाहीत

झोपवून टाचा जुळवणं ही सगळ्यांत बेभरवशाची पद्धत. पलंगावर माणूस दोन अंश जरी वाकडा पडला, कमर एका बाजूला वर ओढली गेली, तरी टाचा सहज सेंटिमीटरभर पुढे-मागे दिसतात. ‘पाय ओढून सारखा करून दाखवतो’ या प्रकाराचं गुपितही यातच आहे. ओढताना कमर खाली सरकते आणि टाचा जुळतात. हाड एका झटक्यात एक मिलिमीटरही वाढत नाही. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

टेपचं माप त्यापेक्षा बरं. खुब्याच्या पुढच्या बाजूला बोटाला लागतं ते कमरेच्या हाडाचं टोक, तिथून घोट्याच्या आतल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. हे झालं खरं माप. बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत घेतलं की झालं दिसणारं माप. दोन्ही घ्यावी लागतात. पहिलं सारखं आणि दुसरं वेगळं आलं, तर हाडं ठीक आहेत आणि कमर तिरकी आहे. टेपमध्ये अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होणं सामान्य, कधी एक सेंटिमीटरही. म्हणून टेप पूर्ण उचलून, टोकं नव्याने शोधून, प्रत्येक पायाचं माप तीनदा घ्यावं आणि सरासरी काढावी. एक मांडी बारीक झाली असेल तर टेपचा मार्ग बदलतो आणि माप फसवतं. एक खुबा पूर्ण उघडत नसेल, तर चांगला पायही तेवढ्याच कोनात ठेवून मोजायचा. ही पायरी गाळली जाते आणि सगळा हिशेब तिथेच बिघडतो.

टेपला घोट्याखालचं काही कळत नाही. टाचेचं हाड मोडून बसकं झालं असेल किंवा एका पावलाची कमान पूर्ण खाली आली असेल, तर टेप शून्य फरक दाखवेल आणि उभं राहिल्यावर माणूस एका बाजूला कललेला असेल.

घरी करता येईल अशी उभी चाचणी

हवा फक्त ए-४ कागदाचा एक गठ्ठा. ७५ जीएसएमच्या ५०० कागदांच्या गठ्ठ्याची जाडी साधारण ५ सेंमी असते, म्हणजे दहा कागद म्हणजे जवळपास १ मिमी. गठ्ठ्याची जाडी पट्टीने एकदा मोजून खात्री करून घ्या. पन्नास-पन्नास कागदांचे चार संच करा, आणि पंचवीसचे दोन.

जागा निवडताना गॅलरी आणि बाथरूम टाळा, तिथल्या फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. हॉलच्या मधोमध फोनवरच्या लेव्हलने किंवा गोटी ठेवून फरशी सपाट आहे का ते पाहा. हे न बघता घेतलेलं माप फरशीचं असतं.

अनवाणी उभं राहायचं. पावलं खुब्याइतक्या अंतरावर, दोन्ही गुडघे सरळ, वजन दोन्हीकडे सारखं. दुसऱ्याने मागे स्टुलावर बसून डोळे कमरेच्या उंचीला आणायचे, दोन्ही हातांच्या तर्जनी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आडव्या दाबून ठेवायच्या. मांस बाजूला सारून हाड लागलं पाहिजे. पोटाची घडी म्हणजे हाड समजलं तर दोन सेंटिमीटरची चूक होते. जी बाजू खाली, त्या पायाच्या पूर्ण तळव्याखाली एक-एक संच सरकवत जा. बोटं समपातळीत आली की थांबा. मग पंचवीस कागद काढा, पुन्हा घाला, आणि उभ्या माणसाला किती घातले ते न सांगता विचारा, सरळ कधी वाटतं? दोनदा वेगवेगळ्या दिवशी करा. दोन्ही आकडे ३-४ मिमीच्या आत जुळले तर ते धरून पुढे जा.

आता ही उभी चाचणी आणि टेपचं खरं माप शेजारी शेजारी लिहा. दोन्ही १५ मिमीच्या आसपास असतील, तर हाड लहान आहे. उभ्या चाचणीत १५ आणि टेपमध्ये ३ असेल, तर हाड दोषी नाही. दोष खुबा, गुडघा, घोटा, पाऊल किंवा मणक्यात आहे, आणि तिथे पॅड लावणं म्हणजे वाकडेपणा पक्का करणं. टेपमध्ये १२ आणि उभ्या चाचणीत शून्य असेल, तर शरीराने तो फरक कुठेतरी जिरवला आहे. त्रास नसेल तर त्याला हात लावू नये.

लहानपणा मांडीत आहे की नडगीत, हे बघायलाही सोपं आहे. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे उभे करायचे, टाचा शेजारी शेजारी एका रेषेत. पायाकडून पाहिलं आणि एक गुडघा बुटका दिसला तर नडगी लहान. बाजूने पाहिलं आणि एक गुडघा मागे दिसला तर मांडी लहान.

हाड ठीक, तरी पाय आखूड

पॅड लावून बिघडलेल्या लोकांपैकी बरेच जण इथे सापडतात. खुब्याचे आतल्या बाजूचे स्नायू आखडले की मांडी आत ओढली जाते, पावलं समांतर ठेवायला कमर त्या बाजूने वर जाते, आणि तो पाय आखूड दिसतो. बाहेरच्या बाजूचे आखडले की उलट, पाय लांब वाटतो. पोटरी आखडली असेल आणि टाच टेकत नसेल, तर तो पाय लांब. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर आखूड.

पलंगाच्या कडेला बसा, एक गुडघा छातीशी धरून पाठीवर आडवे व्हा. दुसरी मांडी गादीला टेकायला हवी. टेकली नाही तर खुबा पुढून आखडलेला आहे. मग पाय लांब करा आणि गुडघ्यामागे तळहात सरकवून दोन्हीकडची पोकळी सारखी आहे का पाहा. घोट्यासाठी भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजा. आठ-दहा सेंटिमीटर जमलं तर उत्तम. दोन बाजूंत ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर पोटरीवर काम करायला हवं. पाऊल सपाट आहे का, हे ओल्या पायाचा ठसा फरशीवर पाहून कळतं. एकच पाऊल सपाट असेल तर त्या बाजूला काही मिलिमीटर उंची कमी होते, आणि तिथे टाचेचं पॅड न लावता कमानीचा आधार लागतो.

मणक्यासाठी स्टुलावर बसवून पाठ पाहा. उभ्याने दिसणारा बाक बसल्यावर गेला, तर तो पायांच्या फरकामुळे आलेला होता. बसूनही राहिला आणि पुढे वाकल्यावर एका बाजूची फासळी वर आली, तर तो मणक्याचा स्वतःचा बाक. मग पॅड थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

स्नायूंच्या आखडीवर उपाय म्हणजे ताण देण्याचे व्यायाम: तीस सेकंद धरून ठेवणं, तीन वेळा, दिवसातून दोनदा, किमान सहा आठवडे. दहा दिवसांत सोडून दिलं तर काहीही बदललेलं नसतं.

ऑपरेशनने खुबा बदलल्यानंतर पहिले काही महिने ‘पाय लांब झाला’ ही तक्रार फार ऐकू येते. बऱ्याचदा आजूबाजूचे स्नायू आखडलेले असल्याने तसं वाटतं. पहिले तीन महिने तरी दुसऱ्या पायाखाली पॅड घालण्याची घाई करू नये, नाहीतर आखडलेले स्नायू तसेच राहतात. गुडघा बदलल्यावरही असंच. वाकलेला पाय सरळ झाला की तो लांब होतो, आणि दुसरा अजून वाकलेला असतो. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर मधल्या काळात चपलेची थोडी उंची पुरते.

हाड लहान आहे: पॅड नेमकं कसं

आधी पक्कं माप घ्या. एक्स-रे सांगताना शब्द नीट वापरा: दोन्ही पाय, खुब्यापासून घोट्यापर्यंत, उभं राहून, एकाच फिल्मवर, गुडघ्याच्या वाट्या समोर, मोजपट्टी किंवा मोजमापाचा गोळा सोबत ठेवून. आखूड पायाखाली अंदाजे उंची देऊन काढलेला एक्स-रे अधिक चांगला, कारण कमर सरळ झाली का तेही दिसतं. ठाण्यातलं नौपाडा असो की नवी मुंबईतलं वाशी, जाण्याआधी फोन करून लांब फिल्मची सोय आहे का विचारा. नुसता कमरेचा एक्स-रे काढून परत यावं लागतं, असं बऱ्याच जणांचं होतं. झोपवून काढलेल्या सीटी स्कॅनोग्राममध्ये (सीटी मशीनवर काढलेली पूर्ण पायांची प्रतिमा) हाडाची लांबी नेमकी येते, पण पाऊल आणि उभं राहण्याची ढब त्यात येत नाही.

पूर्ण फरक भरून काढायचा नसतो. १५ मिमीचा फरक असेल तर ८ ते १० मिमीपर्यंत जाऊन थांबा. सुरुवात ३ ते ५ मिमीने करावी, दर दोन आठवड्यांनी ३ मिमी वाढवावी, आणि दुखणं थांबलं की तिथेच राहावं. वर्षानुवर्षांचा फरक एकदम भरला की कंबर उलट्या बाजूने धरते. ‘पॅडने त्रास वाढला’ म्हणणाऱ्यांत ही चूक नेहमी निघते. अपघातानंतरचा ताजा फरक त्यापेक्षा लवकर भरता येतो.

पोलिओचा पाय असेल तर आणखी सावध राहा. पावलाचा पुढचा भाग नीट उचलला जात नसेल, तर तो पाय थोडा आखूड असणं उपयोगाचं असतं, नाहीतर चवडा अडखळतो. तिथे साधारण १ सेंमी कमी ठेवूनच उंची द्यावी.

बुटाच्या आत १ सेंमीपर्यंतच मावतं. त्यापुढे टाच बुटातून निसटते आणि घोटा वळतो. जास्त लागत असेल तर बाहेरून सोल चढवावा लागतो. नुसत्या टाचेखाली उंची दिली की पाऊल उतरणीवर उभं राहतं, पोटरी आखडते आणि चवड्यावर भार येतो. म्हणून १ सेंमीच्या वर पूर्ण तळव्याला उंची द्या: टाचेला पूर्ण, चवड्याखाली साधारण निम्मी, बोटांकडे निमुळती, आणि टोक वर वळलेलं. एक सोपी युक्ती आहे. १० मिमी हवे असतील तर आखूड बाजूला ६ चढवा आणि लांब बाजूच्या बुटाची टाच ४ ने तासून घ्या. बूट कमी जड होतो आणि पाहणाऱ्याला कळतही नाही.

मोच्याला काय सांगायचं ते कागदावर लिहून द्या: कोणता पाय, टाचेला किती मिमी, चवड्याला किती. तोंडी सांगितलं तर जोड सारखा दिसावा म्हणून दोन्ही टाचा सारख्या केल्या जातात. त्याच्या दृष्टीने ते चांगलंच काम असतं. साहित्य एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) किंवा घट्ट ईव्हीए (हलका फोम). मऊ स्पंज नको, तो पायाखाली चेपतो आणि १० मिमीचं पॅड न सांगता ६ मिमीचं होतं. लावल्या दिवशी बाजूने पट्टी धरून उंची मोजा, तारीख घालून लिहून ठेवा, महिन्याने त्याच जागी पुन्हा मोजा. दुखणं परतलं की पहिली तपासणी हीच.

चामड्याचे थर पावसाळ्यात पाणी पितात, फुगतात आणि सुटतात. जून ते सप्टेंबर रबर किंवा ईव्हीएचाच सोल बरा. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग घासून घ्यायला सांगा, सोल्यूशनचे दोन हात द्यायला सांगा, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. कडेने शिलाई मारली तर उत्तम.

आता पुन्हा दुखण्याचं सगळ्यांत सामान्य कारण. बूट फक्त ऑफिसला घातला जातो. घरी आल्यापासून सकाळपर्यंत आपण फरशीवर अनवाणी, आणि ज्या घरातल्या बाईची कंबर दुखते ती तर दिवसातले कितीतरी तास ओट्यासमोर उभी. तिला दिलेलं बुटाचं पॅड बुटांच्या कपाटातच राहतं. घरासाठी वेगळी जोडी करा, मागे पट्टा असलेली फ्लोटरसारखी, खालून न घसरणारी, आखूड बाजूच्या सोलला तेवढीच उंची दिलेली. अंगठ्याच्या सपाट चपलेला १ सेंमीच्या वर चढवू नका, पाय मुरगळतो. ओट्यासमोर आखूड पायाखाली ठेवायला ८-१० मिमीची रबरी चटई कापून घेतली तरी फरक जाणवतो.

५ सेंमीच्या पुढचा फरक, किंवा सोल जड होऊन चालणंच बिघडत असेल, तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांचा विभाग आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरायचं. हाड लांबवण्याचा पर्यायही ५ सेंमीच्या पुढे विचारात येतो. सैबेरियातल्या कुर्गानचे हाडांचे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या, पायाभोवती बाहेरून रिंग बसवण्याच्या पद्धतीत हाड दिवसाला १ मिमी, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, असं ताणलं जातं. ५ सेंमीसाठी ताणण्याचेच जवळपास पन्नास दिवस, आणि हाड पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पुढे. निर्णय घेण्याआधी हा काळ घरच्यांसमोर मांडायला हवा.

मुलांच्या बाबतीत थांबू नका

मोठ्यांच्या फरकात घाई नको, मुलांच्या फरकात उशीर नको. मांडीचं हाड गुडघ्याजवळ वर्षाला साधारण ९-१० मिमी वाढतं, नडगी गुडघ्याजवळ साधारण ६ मिमी. वाढ ढोबळमानाने मुलींची १४ व्या आणि मुलांची १६ व्या वर्षी थांबते. म्हणून ११ वर्षांच्या मुलीचा ३ सेंमीचा फरक लांब पायाच्या मांडीची गुडघ्याजवळची वाढ रोखून, छोट्या ऑपरेशनने, जवळपास भरून निघू शकतो. तीच मुलगी १४ व्या वर्षी आली तर तो मार्ग बंद झालेला असतो. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढून वेळ ठरवतात. जन्मजात फरक वाढीबरोबर वाढतो. मुलगी ३ वर्षांची किंवा मुलगा ४ वर्षांचा असताना २ सेंमी असेल, तर वाढ संपेपर्यंत साधारण ४ होतो. याउलट, लहान मुलाची मांडी मोडून जुळली की तो पाय सेंटिमीटरभर जास्त वाढतो, त्याला घाबरायचं कारण नाही. वाढत्या मुलाचं माप दर सहा महिन्यांनी, त्याच पद्धतीने.

तान्ह्या बाळाच्या मांडीच्या घड्या दोन्हीकडे वेगळ्या असतील, एक मांडी कमी उघडत असेल, तर खुबा निखळलेला नाही ना हे पहिल्या काही आठवड्यांत सोनोग्राफीने तपासून घ्या. मालिश करताना पाय सरळ ओढणं आणि दुपट्यात पाय घट्ट बांधणं बंद करा. कडेवर, पाय फाकलेले ठेवून घेणं खुब्याला चांगलं. बाळाचा एक पूर्ण पाय किंवा अर्धं अंगच जाड आणि लांब दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पोटात गाठ होत नाही ना हे पाहायला सोनोग्राफी ठरावीक अंतराने करत राहावी लागते.

काही वेळा मोजमाप बाजूला ठेवून लगेच निघायचं असतं. ताप असलेलं मूल पाय टेकत नाही. दहा ते पंधरा वर्षांचा मुलगा खुबा किंवा गुडघा दुखतो म्हणतो, लंगडतो आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसतं. घरातलं म्हातारं माणूस पडलं आणि पाय आखूड होऊन बाहेर वळला. या तिन्हींत त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि शेवटच्या दोघांना चालवत नेऊ नका, स्ट्रेचर मागवा.